दारामागची लॉगशीट

वरची वाडी, पोलादपूर
रविवार

साडूभाऊ किरणराव यांस जितेशचा प्रेमाचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? अमिताताईंना आणि (ती समोरच बसली असेल तर) माधुरीलाही विचारल्याचे सांगा. इकडे मी मजेत. आईही मजेत, माझ्याशी बोलत नाही, एवढेच. माधुरी दोन्ही पोरींना घेऊन तुमच्याकडे आली त्याला आठ दिवस झाले आणि माझा फोन ती उचलत नाही, म्हणून हे पत्र. तिचा गैरसमज दूर झाला की ती परत येईलच, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तुम्हाला एकच बाजू कळली असणार. तिसरे मूल नको, हे आमचे दोघांचे ठरलेले. तिला गोळ्यांनी मळमळायचे. आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून गोळी बदला, नाहीतर तीन महिन्यांचे इंजेक्शन घ्या. मी म्हटले, महाडला एमआयडीसीत अकरा वर्षे औषधाच्या कंपनीत काढलेल्या माणसाच्या बायकोने हार्मोनच्या नादी लागायचे कारणच काय? (आमच्याकडे हार्मोन बनत नाहीत, पण पिंपांवरची नावे तितकीच अवघड असतात.) मी मोबाइलवर सगळे वाचून काढले. बाईने सकाळी जाग आल्याबरोबर अंथरुणातच तापमान मोजायचे. स्त्रीबीज सुटले की अंग किंचित तापते. तीन दिवस तसेच चढते राहिले की पुढे निर्धास्त. आता तापमानाची नोंद ठेवणे हे तर माझे पोटापाण्याचे काम! कंपनीतून कोऱ्या लॉगशीट आणल्या आणि पहिली स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली.

आईने दुसऱ्याच दिवशी विचारले, "रोज तापाचा काटा लावतोस, तिला झालाय तरी काय रे?" मी म्हटले, "काय नाय गो आये, नोंद हाय नुसती." दुपारपर्यंत सुनेला बारीक ताप असल्याचे वाडीभर झाले आणि शेजारचे भागोजीकाका गुळवेलीचा काढा घेऊन हजर. तो माधुरीने मला पाजला.

दोन महिने पद्धत झकास चालली. मग मला रात्रीची थर्ड शिफ्ट लागली. मी घरी यायचो आठला. तोवर माधुरी पाचला उठून म्हशीचे दूध काढून मोकळी. तेव्हा मोजून उपयोग नाही, आणि तिला लिहायला सांगावे तर लॉगशीट ऑपरेटरनेच भरायची असते. तेव्हा पहाटे चारला डोळा लागलेला कुठलाही ऑपरेटर करतो तेच मी केले. आधीचे आकडे पाहून पुढचे चार भरून टाकले. चढण इतकी सुरेख आली की मी खाली सही केली आणि आम्ही निर्धास्त झालो.

त्या महिन्यात तिची पाळी बारा दिवस लांबली. ते चार आकडे कधी घेतले, असे तिने एकदाच विचारले. मी खरे ते सांगितले. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही, नीट जेवलीही नाही. तेराव्या दिवशी पाळी आली, म्हणजे पद्धत यशस्वीच म्हणायची. हे मी तिला बोलूनही दाखवले. संध्याकाळच्या एसटीने ती तुमच्याकडे निघाली.

तरी आपण शांतपणे तिची समजूत काढावी. चूक पद्धतीची नव्हती, शिफ्टची होती.

आपला,
जितेश

ता. क. चूक शिफ्टचीही नव्हती. शुक्रवारी जाऊन मी माझी नसबंदी करून आलो. डॉक्टर म्हणाले, तीन महिने दुसरी काळजी घ्यायची, मग तपासणी. आईला मोटारसायकलवरून पडलो म्हणून सांगितले आहे. ती दोनच शब्द बोलली, "बरा झाला."

आणखी एक. वरचे काही माधुरीला वाचून दाखवू नका, फक्त हे दाखवा. माधुरी, नसबंदीच्या टेबलावर आडवा झालो तेव्हा माझ्या पायांची थरथर थांबता थांबेना, आणि ते काम होते वीस मिनिटांचे. तू बारा दिवस कशी काढलीस, हे मी विचारलेच नाही. माझे चुकले. ये.