जावयाच्या उंचीचं छत

२ ऑगस्ट, रविवार
मनूचे फोटो आले. ती आणि जावई चाकांवरचं घर भाड्याने घेऊन तिकडच्या समुद्राकाठाने आठवडाभर हिंडून आले. अमेरिकेत त्याला आर.व्ही. म्हणतात. आत ओटा, पलंग, संडाससुद्धा. एका फोटोत मनू दारात बसून चहा पितेय, मागे नुसतं निळं.
फोनवर म्हणाली, "आई, डिसेंबरात येतोय आम्ही. आपण चौघं असंच कोकण करू. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत."
माझं माहेर वर्ध्याचं. समुद्र जन्मात एकदा पाहिला, ह्यांच्या खडकीच्या फॅक्टरीच्या सहलीत. ओहोटी होती. चिखल बघितला, भेळ खाल्ली, परत आलो.
मनूला बघून तीन वर्षं होतील. समुद्र समुद्र करते खरी मी, पण...

१६ ऑगस्ट, रविवार
अशी गाडी इथे भाड्याने कुठली मिळायला! ह्यांनी चौकशी केली आणि गप्प झाले. हे गप्प झाले की मला धडकी भरते. मागच्या वेळी गप्प झाले तेव्हा घरात पिठाची गिरणी आली होती.
आज दुपारी सोसायटीच्या आवारात एक जुनी मिनीबस, ह्यांनी विकत आणलेली. खराडीच्या आयटीवाल्यांची ने-आण करायची. मनू पहिल्या नोकरीला अशाच गाडीने जायची. विश्रांतवाडीच्या चौकापर्यंत मी डबा घेऊन मागे धावायचे, तोवर ही काचेला डोकं टेकून झोपलेली. तीच गाडी, असं ह्यांचं म्हणणं. असेल. नसेल. मी खिडकीच्या काचा पुसून घेतल्या.

१० सप्टें., गुरुवार
सीटा निघाल्या. ओटा बसला, दोन पलंग, वर मनूसाठी फळी. लहानपणी रेल्वेत वरचाच बर्थ लागायचा तिला.
आता छताचा वाद. जावई सहा फुटांवर. ह्यांचं म्हणणं, जावयाने आपल्याकडे येऊन मान खाली घालून उभं राहायचं? बरं दिसत नाही.
"अहो, गाडी आहे ती."
"घर आहे."
छत उचलून घ्यायचं ठरलं. पाण्याची टाकी पलंगाखाली.

११ ऑक्टो., रविवार
नकाशा भिंतीला लावलाय. मुरुड, दिवेआगर, हर्णै. खाडी आली की गाडीसकट बोटीत चढायचं म्हणे. मी आपली गाडीतून उतरून पायीच चढणार. मनूला सांगितलं तर हसत सुटली. तिचं हसू फोन ठेवल्यावरही घरात होतं.
मेतकूट, भाजणी करून ठेवली. इतक्या लवकर कशाला, हे विचारतात. मला दुसरं काय करता येतंय इथून?

८ नोव्हें., रविवार
गाडी तयार. पांढरी, निळा पट्टा. नारळ फोडला, लिंबू चिरडलं, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. फाटकावर सोसायटीच्या नावाची सिमेंटची कमान. छत कमानीपेक्षा चार बोटं उंच.
जन्मभर फॅक्टरीत मापं घेतली ह्यांनी. इथे जावयाचं माप घेतलं, कमानीचं राहिलं.
सेक्रेटरी सोमण गॅलरीतूनच म्हणाले, "छान झालंय. आता वर कळस बसवा, आरतीला येतो."
हसूही आलं, रडूही.

१४ नोव्हें., शनिवार
मनूचा फोन. येत नाहीत.
तिने कंपनी बदलली, त्यामुळे परत जाताना मुंबईत व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागणार. ऑफिसातली एकजण अशीच आली ती इथे अडकली, तिकडे घराचे हप्ते चालू. "आई, आत्ता रिस्क नको. मार्चमध्ये बघू." मी म्हटलं, बरोबर आहे, नोकरी आधी. फार शहाण्यासारखं बोलले. मग बाथरूमचा नळ मोठा सोडून बसले.
ह्यांना सांगितलं तेव्हा हे गाडीत पडदे लावत होते. उरलेले पडदे लावून मगच खाली उतरले.

२९ नोव्हें., रविवार
"आपण दोघंच जाऊ," हे म्हणाले. आम्हा दोघांना एवढं उंच छत हवंय कशाला? उतरवलं की गाडी कमानीखालून आरामात जाते. बरोबरच आहे. मी हो म्हटलं. जेवण गेलं नाही.

५ डिसें., शनिवार
वेल्डर आला. ह्यांनी खडूने रेघ मारून दिली. तो विचारत होता, "काका, इथूनच कापू ना? नक्की?" हे खडू हातात फिरवत राहिले. मी गॅलरीत होते. तशीच अनवाणी खाली गेले आणि पदराने रेघ पुसून टाकली.
"कापायचं नाही. ती येणार आहे."
कधी, ते कोणी विचारलं नाही.

१३ डिसें., रविवार
सोमण सकाळी दारात. "कमान पाडायला सर्वसाधारण सभा लागते. टायरमधली हवा सोडायला लागत नाही."
हवा सोडली. तरी बोटभर छत वरच. मग सोमणच म्हणाले, वजन भरा. सगळा मजला आत बसला, सोमण स्वतः मनूच्या फळीखाली, मांडीवर नातू. हळूहळू, खरवडत, निघाली बाहेर! केवढ्या टाळ्या. मनूच्या लग्नानंतर आमच्याकडे एवढी माणसं आज बसली.
"परत आत कशी घेणार?" मी विचारलं.
"तेव्हाही माणसं लागतील," हे म्हणाले.

१९ डिसें., शनिवार
गाडी रस्त्यावर उभी आहे. सामान भरून झालं. मनूच्या फळीवर काही ठेवलेलं नाही. दुपारी आम्ही दोघं आत उभे राहिलो, टाचा उंचावल्या. दोघांचंही डोकं छताला लागलं नाही.
फोनवर मनूला सगळं फिरवून दाखवलं. छत दोनदा दाखवायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, ह्याच्या उंचीसाठी एवढं केलंत?" आणि मला, "समुद्र आला की आधी मला दाखव, आई."
फोन ठेवल्यावर हे हळूच म्हणाले, "मार्चपर्यंत थांबायचं का?"
मला समुद्र हवाय. भरतीचा. आणि मनूही हवीय, त्याच दारात, चहा पिताना.
ह्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. तू सांग, म्हणाले.
अजून सांगितलेलं नाही.