दादाचे साप आणि पन्नास केबी

३ मार्च, सोमवार

दादाचे साप आले. बासष्ट! पहिलाच उघडला — एक पूर्णांक नऊ एमबी. एका सापाला!

मर्यादा पन्नास केबीची. वेबसाइट दूरदूरच्या दवाखान्यांसाठी आहे. साप चावलेला माणूस बाकावर पडलेला, नर्सच्या हातात जुना फोन, रेंज जेमतेम. चित्र उघडेपर्यंत माणूस जायचा. म्हणून फोटो नाहीत, रेघांची चित्रं. रेघांची फाइल हलकी असते — काढणाऱ्याने जरा आवरून काढलं तर.

मॅनेजर — आम्ही त्याला मोजपट्टी म्हणतो — सगळ्यांसमोर म्हणाला, "फाइली बारीक करायचं काम ताईंकडेच. सख्खी बहीण, दादांचा हात त्यांना माहीत." सगळे हसले. मीही हसले. हसायला काय जातं!

चित्रकलेच्या कॉलेजात एकालाच घालता येईल, असं बाबा म्हणाले होते. तो गेला. मी त्याचे ब्रश धुतले. आता फाइली धुते.

४ मार्च

चित्राच्या खाली खऱ्या सापाचा अख्खा फोटो! ज्यावरून गिरवलं तो तसाच ठेवून दिलाय. दिसत नाही, पण सगळं वजन त्याचंच. काढून टाकला. सहाशे केबी उरले.

स्वतःचा पसारा आवरणं त्याला कधी जमलंय?

६ मार्च

खवले. एका सापाला नऊशे, प्रत्येक वेगळा काढलेला. मी त्यातले पाच ठेवले आणि तेच फिरवून फिरवून अंगभर बसवले. दोनशे दहा केबी. नमुना त्याला पाठवला. दुपारी फोन आलाच.

"दोन खवले कधी सारखे नसतात, कळतं का तुला?"

"नर्स खवले मोजत बसणार आहे का?"

"आणि नाक-डोळ्यांमधला तो खळगा? तो उडवलास तर विषारी साप साधा दिसेल. माणूस मरेल!"

"खळगा ठेवलाय. मलाही डोळे आहेत, दादा."

फोन कुणी आधी ठेवला, आठवत नाही.

९ मार्च, रविवार

गेले दादाकडे. वहिनीने चहा केला, इकडचं तिकडचं बोलली. दादा आतल्या खोलीत, दार लावून. "कामात आहेत हो," वहिनी म्हणाली. माझ्याकडे न बघता. तासभर थांबले. दाराआडून एकदाच आवाज — "आलीस का? बस, बस."

बसलेच होते की!

मोठा माणूस झाला. बहिणीला तोंड दाखवायला सवड नाही.

११ मार्च

सापाच्या पाठीची रेघ. एक रेघ! तिच्यावर बिंदू चारशे बारा. सहा पुरतात. प्रत्येक बिंदू म्हणजे आकडे, आणि प्रत्येक आकड्याला दशांशचिन्हापुढे सहा घरं. मग फाइल फुगेल नाही तर काय होईल? यंत्राला सांगितलं बिंदू कमी कर, तर त्याने जबडाच वाकडा करून ठेवला. शेवटी जुनी रेघ खाली ठेवून मी वरून नवी काढली. सहा बिंदू. चव्वेचाळीस केबी.

बासष्टातले असे एकेचाळीस साप पुन्हा काढायचेत. एकेकाला तीन-तीन तास.

मग डोकं फिरलं. ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, 'कृपया रेघा नीट काढून पाठवाव्यात. दुसऱ्याला निस्तरावं लागतं.' दादा त्या ग्रुपमध्ये आहे. वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

१२ मार्च

अजून उत्तर नाही. नको देऊस.

१४ मार्च, शुक्रवार

ज्यांच्यासाठी वेबसाइट करतोय त्या डॉक्टरबाई आल्या होत्या. आपल्या फोनवर साप उघडला. टिचकी मारताच हजर! मोजपट्टीची छाती फुगली. बाई चित्राकडे बघतच राहिल्या. "काय रेघ आहे हो! एका दमात ओढल्यासारखी. तुमच्या चित्रकारांना माझा नमस्कार सांगा."

मी शेजारीच उभी होते. पाण्याचे ग्लास उचलत होते, तेवढं मात्र बाईंना दिसलं. थँक्यू म्हणाल्या.

ती रेघ माझी होती. माझी!

ठरलं. पुढचे तीन साप न धुता देते. कळू दे सगळ्यांना, हा कलाकार काय पाठवतो ते.

१७ मार्च, सोमवार

दिले. दादाच्या रेघा जशाच्या तशा. मोजपट्टीने मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर लावले. मी दाराशी हाताची घडी घालून.

तो पुढे झुकला. "ताई, ही रेघ अशी का कापतेय?"

बघितलं. माझ्या छोट्या पडद्यावर मी फक्त बिंदू मोजले होते, रेघ बघितलीच नव्हती. पाठ, शेपूट, जबडा — सगळीकडे बारीक बारीक लाटा. एकसारख्या, ठरावीक अंतरावर. निष्काळजी माणूस असं काढत नाही. असं कुणी ठरवूनही काढू शकत नाही.

जागेवर परत आले. दादाचं चार वर्षांपूर्वीचं एक चित्र शोधून उघडलं. तशीच लांब रेघ. बिंदू सात.

मोजपट्टी मागोमाग आलाच. "काय झालंय नेमकं?"

"माझ्याकडून बिघडलं," म्हणाले. "उद्या नीट करून देते."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाला. ऐकून घेतलं.

आणि मी ग्रुपवर काय लिहून बसले होते!

१८ मार्च

रजा टाकून दादाकडे. वहिनीने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि बाजूला झाली. आतल्या खोलीचं दार आज मीच ढकललं.

टेबलाशी बसला होता. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून पेन चालवत होता. मला बघून पेन खाली ठेवलं.

"कधी कळलं?"

"काल."

"काल? मला वाटलं, पहिल्याच दिवशी कळेल तुला."

हात कापायला लागून दीड वर्ष झालं. औषधं चालू आहेत, फरक नाही. काम जाईल म्हणून कुणालाच सांगितलं नाही. फाइली माझ्याकडेच द्या, हेही त्यानेच मोजपट्टीला सांगितलेलं. "दुसऱ्याने बघितलं असतं तर बोंब झाली असती."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? तोंड होतं ना?"

"तुझ्यापुढे कसं सांगू? तुझ्या वाट्याचं कॉलेज मी घेतलं. आणि आता हात असा."

रडावं की ओरडावं, कळेना. ओरडलेच. दीड वर्ष लपवलंस, साप माझ्या हातून काढून घेतलेस, आणि नमस्कार तुला! वहिनी दारात येऊन उभी राहिली. त्याची मान खाली.

माफी मागायला गेले होते. तशीच परत आले.

२० मार्च, गुरुवार

दादा आज ऑफिसात आला. सगळ्यांसमोर हात पुढे धरला, कापत होता तसाच. म्हणाला, "झालेल्या रेघा हिच्या आहेत. राहिलेले एकवीस साप हीच काढेल. नाव हिचं टाका." मग दादा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. मी कोरी फाइल उघडली, पहिली रेघ ओढली.

"चुकलं," म्हणाला. "पुन्हा काढ."