तांबडीच्या कानाचं भोक

ताइलेवू, फिजी,
१४ ऑगस्ट

प्रिय इनोकेदादा,

इकडे सगळे ठीक आहोत असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते. दालोचे कंद यंदा बरे आलेत. तुझ्या मेहुण्याची, योसेफाची पाठ अजून धरलेलीच आहे. बहीणभावाने समोरासमोर वाद घालायचा नाही ही आपली रीत, म्हणून हे कागदावर.

माझ्या वानीच्या मानेवरची गाठ फुटली. तपासणीत गुरांचा क्षय निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दूध उकळून पिता की तसंच?" मी म्हटलं, उकळून. धडधडीत खोटं. तुझी तांबडी गाय आल्यापासून मी धार काढते आणि पोरगी पेला घेऊन शेजारी बसते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

ती गाय वानीनेच मागितली, मान्य. भाचीने मामाच्या घरातलं काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये. त्या दिवशी तू म्हणालास, "दरोडेखोरीण आली, गोठ्याला कुलूप लावा." पण वानीने तांबडीच्या पाठीवर हात ठेवला आणि तुझं हसू गेलं. वहिनी खाली बघायला लागली. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. तांबडीच्या डाव्या कानाला फाटलेलं भोक आहे. सरकारी माणसं तपासणीत रोगी निघालेल्या गायीच्या कानात बिल्ला ठोकतात. तो काय आपोआप गळून पडतो? "ही सोडून दुसरी घे" एवढंही तुझ्याने बोलवलं नाही?

आता माझं ऐक. तो कान मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. एप्रिलमध्ये तपासणीवाले आमच्याकडे आले, तेव्हा तांबडीला मी बांबूच्या बनात बांधून आले. योसेफाला सांगितलं, सुटून गेली असेल. तुझं नाव निघेल, तुझी गुरं मारायला नेतील, गोठा रिकामा होईल, ही भीती होती. शिवाय ती दूधही भरपूर देत होती. त्यानंतर चार महिने वानीचा पेला मी रोज भरला. मला माझीच लाज वाटते, दादा.

उद्या अधिकारी येतील. मी सगळं सांगणार आहे, बांबूच्या बनासकट. परवा ते तुझ्याकडे येतील, म्हणून हे पत्र आजच माणसाहाती धाडते आहे. तुझी दोन्ही पोरंही तुझ्याच गोठ्यातलं दूध पितात.

वानी अंथरुणात आहे, म्हणून तिच्या वतीने मामाकडे मीच मागते: एकही गाय लपवू नकोस. भाचीचं मागणं आहे, नाही म्हणायची सोय नाही तुला.

तुझी बहीण, पण आधी वानीची आई,
सालोते