साडूचा श्वास

२ नोव्हेंबर

बदलीच्या गावात आज सामान उतरलं. बँकेने घर दिलं नाही, पण बायकोच्या ताईने दिलं: त्यांच्याच घरातल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गल्लीकडे उघडणारी खिडकी आणि एक कपाट, ज्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. भाडं विचारलं तर साडूभाऊंनी कानांवर हात ठेवले. दोघी बहिणी सकाळपासून एकमेकींच्या गळ्यात पडून हसताहेत. मीही खूश आहे. मनापासून लिहितोय, खूश आहे.

एकच गोष्ट खटकली. पुस्तकांची पेटी साडूभाऊंनी एकट्याने जिना चढवून वर आणली. धाप नाही, घाम नाही. गेल्या वर्षी हा गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकला की दोन माणसं धरायला लागत. आमच्यात वाटणी कधीची ठरलेली आहे: चष्म्यांचं दुकान त्यांचं, घर त्यांचं, डोक्यावरचे केस त्यांचे, तब्येत माझी. ती अशी न विचारता मोडायची म्हणजे काय.

५ नोव्हेंबर

रहस्य कळलं. चहाच्या वेळी साडूभाऊंनी ते नवजात बाळासारखं दोन्ही हातांवर आणलं. विटेपेक्षा थोडं मोठं मशीन, त्याला लांब नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. सीपॅप म्हणतात. लावून दाखवला. हत्तीचं पिल्लू चष्मा घालून बसावं तसे दिसले. मी तसं म्हणालोही. सगळ्यांत जास्त तेच हसले. अशा माणसाचं काय करायचं.

हकीकत अशी. झोपेत त्यांचा घसा मिटायचा, श्वास थांबायचा, रक्तातला ऑक्सिजन उतरायचा आणि हृदय दचकून उठायचं. रात्रभर, पुन्हा पुन्हा. त्यापायी बीपी औषधांना दाद देईना आणि ठोके ताल सोडून पडायला लागले. हार्टच्या डॉक्टरांनी त्यांना सोडून मेहुणीबाईंनाच विचारलं, हे घोरतात का, मधेच गप्प होतात का. त्या तिथेच रडल्या. गप्प झालेल्या नवऱ्याला त्या कित्येक वर्षं कोपराने ढोसून जागं करत होत्या, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आता हे मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. बीपी उतरलं, एक गोळी सुटली, ठोके बऱ्यापैकी ताळ्यावर आले. डॉक्टर म्हणतात, ही जादू नाही. झोपाल तेव्हा लावाल तरच उपयोग, सोडलंत की सगळं परत. म्हणून दुपारी पडतानाही लावतात.

मी अभिनंदन केलं. तोवर माझा चहा निवून गेला होता.

१२ नोव्हेंबर

हिचं एकच पालुपद: भाऊजी बघा. भाऊजी बघा सकाळी फिरून येतात, भाऊजी बघा जिना चढताना गाणं म्हणतात. बघतोय. एवढ्या वेळा तिने स्वतःकडे बघायला सांगितलं असतं, तर आमचा संसार सुखाचा झाला असता.

शाखेत आज कर्जाच्या कागदावर सही करता करता डुलकी लागली. पेन घसरत टेबलापर्यंत गेलं. रोखपालबाईंनी विचारलं, साहेब, ही सही आहे की ईसीजी. सगळी शाखा हसली. घरी सांगितलं, तर ही म्हणते, तुम्हीही घोरता, मधेच थांबता, मग बुडता माणूस वर यावा तसे हुंदका देऊन उठता. मी म्हटलं, गादी नवी आहे.

१९ नोव्हेंबर

त्यांची झोपायची खोलीही वरच, आमच्या शेजारी. आमचा पलंग आणि त्यांचा पलंग यांच्यात एक भिंत. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येतो: ओढतंय, सोडतंय, ओढतंय. कुणीतरी सावकाश, मन लावून पितंय. सकाळी माझं डोकं शिशाचं, तोंड कोरडं, छातीत धडधड. आणि हा शीळ घालत दाढी करतो.

ती हवा येते कुठून? बँकेत शिकलो तेवढं पुरे आहे: एकाकडे जमा झालं, तर दुसऱ्याकडून गेलेलं असतं. मूर्खपणा आहे, कळतंय. पण सुबक अक्षरात लिहिला की मूर्खपणाही विचारासारखा दिसतो.

साडूभाऊ म्हणाले, साडूबुवा, लक्षणं माझीच आहेत, माझ्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावतो. म्हणजे त्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या ओळखीने, त्यांच्याच रोगाचा पेशंट. त्यांचा वापरून झालेला आजार मी का अंगात घालू? नको म्हणालो.

२४ नोव्हेंबर

रजा टाकली. दुपारी घरात कोणी नव्हतं. त्यांच्या पलंगावर पडलो, मास्क चढवला, बटण दाबलं. आधी गुदमरलो, हवा सरळ घशात हात घालते. मग कधी झोप लागली कळलं नाही.

जागा झालो, तर कुणी आतून धुऊन उन्हात वाळत घातल्यासारखं वाटत होतं. डोकं हलकं. छातीत इतकं शांत की हृदय आहे ना, हे हात लावून पाहिलं. समोरच्या घरात एक बाई खिडकी पुसत होती; तिच्या हातातलं फडकं किती पिवळं होतं.

आणि रागाने रडू आलं. हे याला रोज मिळतं. रोज.

चादरीवरची सुरकुती त्यांनी पाहिली असणार. जेवताना नुसतं हसून म्हणाले, मग, लावू ना नंबर? ते हसू मला चावलं.

२६ नोव्हेंबर

मास्क आणि नळी यांना जोडणारा एक प्लास्टिकचा तुकडा असतो, अंगठ्याएवढा. तो माझ्या खिशात आहे.

घरभर शोधाशोध. चिकटपट्टी लावून पाहिली, हवा निसटते. नवा तुकडा बाहेरगावाहून मागवलाय, पार्सलला वेळ लागेल. साडूभाऊ म्हणाले, उंदराने नेला असेल, बिचाऱ्यालाही घोरण्याचा त्रास असेल. मी सगळ्यांत जास्त हसलो.

२९ नोव्हेंबर

भिंतीपलीकडे आता घोरणं. मग काहीच नाही. मग मेहुणीबाईंचा आवाज, अहो, अहो. मग परत घोरणं.

याचे डोळे लाल. दुकानात कुणाची तरी डावी काच उजवीकडे बसवली. ही म्हणाली, भाऊजी अगदी तुमच्यासारखे दिसायला लागलेत. किती गोड वाटलं. कित्येक वर्षांत इतकं गोड काही —

पण माझा श्वास काही परत आलेला नाही. त्याच्याकडून गेला, माझ्याकडे आला नाही. मग कुठे —

१ डिसेंबर

ठोके पुन्हा बिघडलेत. डॉक्टरांनी सुटलेली गोळी परत सुरू केली. मशीन चालू होईपर्यंत एकटं झोपू देऊ नका म्हणाले. एवढ्याशा तुकड्याने इतकं होईल असं मला — पलंगाखाली टाकून द्यायचा. सापडला म्हणायचं. उद्या.

२ डिसेंबर

नाही टाकला. आज दिवसभरात हिने एकदाही भाऊजी बघा म्हटलं नाही.

४ डिसेंबर, दुपार

पार्सल आलंय. दोघी बहिणी आणायला गेल्यात. मला बजावून गेल्या, यांना झोपू देऊ नका, डोळा लागलाच तर हलवून उठवा.

लागला. खुर्चीत, मान मागे, तोंड उघडं. मी समोर. जागं राहायचं म्हणून लिहितोय. मीही किती दिवसांत धड —

घोरतोय. थांबला. — आला परत, हुंदका देऊन.

तुकडा खिशात आहे. मशीन आतल्या खोलीत. उठायचं, जोडायचं, याच्या नाकावर ठेवायचं. पण जागा झाला तर माझ्या हातात काय दिसेल? काय सांगू, कुठे सापडला —

थांबला.

आला. उशिरा आला.

झोपेतसुद्धा चेहरा माझ्यापेक्षा —

अक्षरं वाहताहेत. मघाशी पेन घसरलं, तेवढ्यात किती वेळ गेला कळत —

थांबला.

येईल. येतोच. नाही —

उठवतो. सांगून टाकतो, मीच घेतला. हात जड झालाय. माझाच हात. साडूभाऊ — हाक मारली की नुसती लिहिली —

ओठ निळे. उठतो. एवढी ओळ झाली की उठतो, जरा डो