मीनलचं ‘बरं, ताई’

नाशिक, मंगळवार संध्याकाळ

महिनाभर पहाटे उठतेय, प्राणायाम करतेय, वाईट विचार मनात येऊ देत नाही. स्वतःवर खूश होते. आज त्याच खुशीत माती खाल्ली.

सकाळी मनमाडहून मीनलचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. “ताई, डॉक्टरांनी छातीतली गाठ तपासायला सांगितलीय. फार भीती वाटतेय गं.” आणि मी काय म्हणावं? “असं निगेटिव्ह बोलू नको. माझा प्राणायाम चाललाय, नंतर बोलू.” ती एवढंच म्हणाली, “बरं, ताई.”

दिवसभर ते ‘बरं, ताई’ कानातून जाईना. खरं तर मीच घाबरले होते. माझी सकाळ बिघडू नये म्हणून तिला गप्प केलं.

आत्ता फोन केला. “काही नाही गं, मी एकदम पॉझिटिव्ह आहे,” म्हणाली, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं. तपासणी कधी आहे विचारलं, तर, “बघू. तुझा प्राणायाम झाला ना नीट?” टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

उद्या पहिल्या गाडीने मनमाडला जाते. समोर बसले तर बोलेल कदाचित. नाही बोलली तरी दवाखान्यात सोबत जाईन. घाबरली, तर घाबरू देईन.