गार वाऱ्याचा आळ

१९ जुलै

पुन्हा तेच! सकाळी एसी गारेगार होता. दुपारी तीनला औषधाच्या दुकानातून घरी आले तर नुसता कोमट वारा. खोलीत एकतीस. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून धापा टाकतायत. हृदयाच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलंय — खोली पंचविसाच्या वर जाऊ द्यायची नाही. आणि आईंच्या गळ्यात लोकरीचा मफलर! बाहेर आमचं निश शहर तव्यासारखं तापलंय, आणि ह्यांना वारा लागायची भीती. "मानेला झोत लागला की माणूस आखडतो, देसा. आमच्या गावात एक असाच गेला." ऐंशी वर्षांत त्या गावात वाऱ्यानं किती गेले देव जाणे.

२० जुलै

जाळी काढून धुतली. एवढी धूळ, की मळून भाकरी थापावी. वाटलं, संपलं एकदाचं. दुपारी पुन्हा कोमट.

गॅलरीत जाऊन एसीचा बाहेरचा डबा पुसला. घामाच्या धारा लागल्या. तरी गॅलरी बघून बरं वाटतं! एप्रिलमध्ये काचा लावून घेतल्या, फळ्या ठोकल्या, आता जर्दाळूच्या मुरंब्याच्या सव्वीस बरण्या ओळीनं उभ्या आहेत. ब्राना म्हणालेला, कशाला हवंय ते. नवरे असंच म्हणतात आणि मुरंबा मात्र चमच्यानं खातात.

२१ जुलै

दुकानात औषधं बांधताना डोक्यात एकच. गेल्या उन्हाळ्यात हाच एसी उत्तम चालत होता. मग यंदा बदललं काय? फक्त एक गोष्ट. फेब्रुवारीत आई राहायला आल्या.

लिहायला बरं वाटत नाही. पण लिहिलं.

२३ जुलै

सापडलं! रिमोट आईंच्या एप्रनच्या खिशात होता. वर आकडा सत्तावीस. मीच हात घालून काढला. म्हणाल्या, "हरवू नये म्हणून ठेवला गं. सकाळी जरा जास्त गार झालं होतं, तेव्हा एकदा दाबला."

एकदा! सत्तावीस लावलं म्हणून खोली एकतीस होत नाही, हे मलाही कळतं. म्हणजे बाई बंदच करून टाकतात आणि मी यायच्या वेळेला पुन्हा लावतात.

२४ जुलै

ब्राना बस डेपोतून आला तोच तोंड वाकडं करून. आईंनी त्याला खिशाचं सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं. भडकला.

"माझ्या आईचे खिसे तपासतेस?"

"मग काय भुतं बंद करतात एसी?"

"जुनाट यंत्र आहे ते!"

"तुला काय, तू दिवसभर डेपोत! हॉस्पिटलात न्यावं लागलं तर मीच धावणार. असंच चालणार असेल तर मी चालले."

"दार उघडंच आहे."

आई स्वयंपाकघरात कलिंगड कापत होत्या. सुरीचा आवाज थांबला होता.

२५ जुलै

बत्तीस. अबोला. दह्याच्या पेल्याची देवाणघेवाणही आईंमार्फत.

२६ जुलै

आईंनी कबूल केलं!! जेवायला बसलो होतो. "भांडू नका. मीच बंद करते. मला वारा सोसत नाही." ब्रानाच्या हातातला पाव तसाच राहिला. मी जिंकले — खोटं कशाला बोलू, आधी तेच वाटलं.

बोलताना बघत होत्या मात्र मिठाच्या भांड्याकडे.

२७ जुलै

आईंना लेस्कोवात्सला पाठवलं, नणंदेकडे. चारच दिवस, असं सगळेच म्हणत होतो, आणि कुणालाच ते खरं वाटत नव्हतं. रूझाकडे एसी नाही, टेबलावरचा पंखा आहे. पण वारा नको ना? मग ठीक आहे.

बसमध्ये चढताना मला म्हणाल्या, "त्याला दुपारी गरम जेवण लागतं." मला अजिबात राग आला नाही. म्हणूनच दिवसभर चैन पडलं नाही.

२८ जुलै

घरात चिटपाखरू नव्हतं. एसी लावूनच गेले, रिमोट माझ्या पर्समध्ये. दाराला मीच कुलूप लावलेलं.

दुपारी तीन. कोमट वारा. एकतीस!

खुर्ची घेऊन एसीखाली बसले.

२९ जुलै

एसीवाल्या त्राय्कोला फोन केला. "परवा येतो, वहिनी."

"उद्या का नाही?"

"उद्या आगीच्या मारियेचा सण! उद्या पान्याला हात लावला तर घर पेटतं. माझ्या काकाचं गवत जळलंय, विचारा कुणालाही."

तिकडे म्हातारी उकडतेय आणि ह्याच्या काकाचं गवत! ब्रानाला अजून सांगितलं नाही. कसं सांगू?

३१ जुलै

त्राय्को आला. आधी कॉफी, मग घोटभर रकियाची दारू, मग पायावरची शस्त्रक्रिया सांगून झाली. मग गॅलरीत गेला आणि दारातच हसायला लागला.

"वहिनी, ह्या काचा कुणी लावल्या?"

"मी."

"बाहेरचा डबा बाहेर असतो म्हणून त्याला बाहेरचा म्हणतात! तुम्ही त्याला बरण्यांबरोबर कोंडलंय. तो गरम हवा ओकतो आणि तीच पुन्हा ओढतो. ऊन चढलं की जीव जातो त्याचा, बंद पडतो. आतला पंखा तेवढा फिरत राहतो."

"मग सकाळी कसा चालतो?"

"सकाळी गॅलरी गार असते. अहो, अर्ध्या शहराचं हेच आहे. मुरंब्याला जागा हवी म्हणून काचा लावतात, आणि उन्हाळ्यात मला शिव्या देतात."

त्यानं डब्यासमोरच्या तीन काचा उतरवल्या. तासाभरात चोवीस.

ब्राना आला. मी सगळं सांगितलं, एका दमात, उभ्यानंच. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मग आई का म्हणाली, मी करते म्हणून?"

१ ऑगस्ट

फोन हातात घेतला, ठेवला. घेतला, ठेवला. शेवटी रूझाचाच आला. आईंचे पाय सुजलेत. शेजारणींना मात्र सांगतात, सुनेनं प्रेमानं हवापालटाला धाडलंय. लाज वाटली. अशी कधी वाटली नव्हती.

२ ऑगस्ट, संत इलियाचा दिवस

फोन केला. माफी मागितली आणि विचारलं, आई, न केलेलं कबूल का केलंत?

आधी म्हणाल्या, पाय बरे आहेत. मग हळूच — "मफलर शोधताना कपाटात पांघरुणांमागे तुझी भरलेली बॅग दिसली. म्हटलं, घरातून कुणीतरी जाणारच असेल तर म्हातारीनं जावं."

ती बॅग मी मे महिन्यात भरली, घर सोडायचं म्हणून. तेव्हा यंदा एसी सुरूसुद्धा केला नव्हता. या वहीतही कधी लिहिलं नाही. उद्या सातच्या बसनं आईंना आणायला जातेय.