भूमिगत आजोबा

रविवार, संध्याकाळ

मंदाचा लेख आज वर्तमानपत्राच्या पुरवणीत आला. बँकेत नोकरी करणारी माझी चुलत बहीण आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिते, आणि सकाळपासून फोन मला. ‘तुमच्या घरात खरी लेखिका मंदाच निघाली की.’ माझी तीन पुस्तकं आली तेव्हा कुठं होते हे सगळे?

आणि लिहिलंय काय, तर आजोबा निजामाविरुद्ध भूमिगत होते. भूमिगत कसले? आजीला मारहाण करून फर्दापूरला पळाले होते, तिथं दारू पीत पडले होते. पोलीस ॲक्शननंतर जो जो घरी परतला तो भूमिगत ठरला, तसे हेही ठरले. मला हे त्यांच्या मुलीनं, आत्यानंच सांगितलेलं.

दुपारी सगळं खरं लिहून काढलं आणि पुंडलिकनगरला जाऊन आत्याला वाचून दाखवलं. मंदाचा लेख तिच्या उशाशी होता.

“खरं हाय तुझं,” आत्या म्हणाली. “छाप की.”

“मग तो उशाशी कशाला?”

“त्यात माझी आय नवऱ्याची वाट बघत बसलीय गं. मार खात नाय. वाचून लई बरं वाटलं.”

माझं एकही पुस्तक तिनं कधी उशाशी घेतलं नाही. मला खरं सांगायचं होतं, की मंदाचं खोडायचं होतं? दोन्ही असेल. दुसरं जास्त.

आत्या आहे तोवर लेख पाठवत नाही. मंदाला फोन करून ‘चांगलं लिहिलंस’ म्हणायला हवं. आज नाही जमणार.